खांदेरीचा झोत

माझं बालपण अलिबागजवळच्या थळला गेलं. रात्री ओट्यावर आजीच्या मांडीवर डोकं टेकलं की समोर काळा समुद्र, अलीकडे उंदेरी बेटाचा अंधुक आकार आणि त्यापलीकडे खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा झोत. झोत यायचा, जायचा, मग नुसता काळोख. तो परत येईपर्यंत मी श्वास रोखून धरायची. बाबा होडीचे तांडेल. ते रात्री दर्यात असले की आजी त्या दिव्याकडे बघतच जप करायची. मला वाटायचं, हा दिवा आमच्या बाबांसाठीच लावलाय.

या समजाला धक्का बसला तो पावसाळ्यात. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या, जाळी घरात, बाबाही घरात. दिवा मात्र सुरूच. "आपलं कुणीच दर्यात नाही, मग कुणासाठी?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "मुंबईला जाणारी जहाजं आहेत ना. त्यांना आपलं गाव ठाऊक नसलं तरी चालेल, हा खडक ठाऊक पाहिजे."

पुढे शाळेत इतिहास शिकवायला लागले तेव्हा हा खडक नव्याने भेटला. 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी इथे तटबंदी उभारू लागला. खांदेरीवरून मुंबईच्या तोंडाशी येणारं-जाणारं प्रत्येक गलबत नजरेत येतं, हे इंग्रजांनी नेमकं ओळखलं. त्यांनी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. पण त्यांच्या अवजड जहाजांना चुकवून मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात रसद घेऊन बेटावर पोचायच्या. वाऱ्याची, भरती-ओहोटीची आणि इथल्या कातळांची माहिती असलेली माणसं होती ती. माझ्या लेखी आमचेच पूर्वज. महाराजांचा सरदार दौलतखान याच्या आरमारानेही इंग्रजांना जेरीस आणलं. 1680 च्या सुरुवातीला त्यांनी नाद सोडला. जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, पण खांदेरी राहिली ती राहिलीच.

आणि 1867 मध्ये त्याच खांदेरीवर त्याच इंग्रजांनी दीपगृह बांधलं. जो खडक आपल्या जहाजांच्या वाटेत नको म्हणून ते लढले, त्याच्याच माथ्यावर 188 वर्षांनी त्यांनी स्वतःच्या जहाजांसाठी दिवा लावला. वर्गात हे सांगताना दरवेळी माझा आवाज चढायचा. 1998 मध्ये बेटाला मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं, त्या दिवशी बाबांनी घरात पेढे वाटले.

बाबांबरोबर एकदाच मी बेटावर गेले, वेताळाला नारळ द्यायला. कोळ्यांचा हा देव, शेंदूरभरल्या देवांसारखा नाही, पांढरा रंगवलेला मोठा दगड. वाटेत बाबांनी एका खडकावर लहान दगड आपटून दाखवला. भांड्यावर आपटावं तसा खणखणला. शेजारचे खडक मुके. तटावर लोखंडी गाड्यावरची तोफ अजून समुद्राकडे तोंड करून उभी होती. आणि वर अष्टकोनी दीपगृह.

लहानपणी मला वाटायचं, वर कुणीतरी दिवा पेटवतो आणि विझवतो. खरं तर फिरत्या भिंगाच्या दीपगृहात दिवा अखंड जळत असतो, त्याच्याभोवती भिंगं फिरतात. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1820 च्या दशकात काचेच्या कंगोऱ्यांची कडी रचून ही भिंगं घडवली. चारी दिशांना विखुरणारा उजेड ती गोळा करून एका झोतात आणतात. झोत आपल्यावरून गेला की आपल्याला उजेड, पुढे गेला की काळोख. दोन झोतांमधलं अंतर प्रत्येक दीपगृहाचं ठरलेलं असतं. त्यावरूनच खलाशी दीपगृह ओळखतो. म्हणजे श्वास रोखून मी जे मोजत होते, ते खांदेरीचं नावच होतं.

शेवटच्या वर्षांत बाबांची नजर गेली. माणसं आवाजावरून ओळखायचे. तरी संध्याकाळी ओट्यावर बसून बोटांवर मोजायचे आणि झोत आला की मान हलवायचे. भाच्याच्या होडीवर आता जीपीएस आहे. तोही म्हणतो, यंत्रात पाणी गेलं की डोळे आपोआप खांदेरी शोधतात. एवढ्यासाठी तरी हा दिवा कधी बंद होऊ नये.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा मानले, त्यांत खांदेरी आहे. आता होड्या भरून पर्यटक जातात, तोफ बघतात आणि अंधार पडायच्या आत परततात. माझी त्यांना विनंती आहे, परतल्यावर लगेच गाडीत बसू नका. थळच्या वाळूवर दिवेलागणीपर्यंत थांबा आणि दोन झोतांमधला काळोख मोजा.