घोणशीच्या जनुकांसाठी पैसा मागताना

सापांच्या जनुकांवर पैसा घालण्यापेक्षा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लशीच्या कुप्या ठेवा, असं मी मिरजेतल्या डॉक्टरमंडळींत वर्षानुवर्षं आग्रहानं म्हणत आलो. आज मी तसं म्हणणार नाही.

रात्रीच्या पाळीला उसाला पाणी पाजायला गेलेला गडी, भांगलणीतली बाई. पान लागलेली, म्हणजे साप चावलेली, माणसं कृष्णाकाठावरून, जतेकडून, सीमेपलीकडच्या अथणीहूनही मिरजेला येतात. रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं नळी हलवायची नाही. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं धरायचं. पापण्या जड होऊन मिटू लागल्या तर नाग किंवा मण्यार. लस मात्र एकच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर, घोड्याच्या रक्तापासून केलेली. मूळ पद्धत १८९०च्या दशकातली. कुणाला थोडक्या कुप्यांत उतार पडतो, कुणाचं रक्त कितीही दिलं तरी गोठत नाही. याचं कारण उशीर, एवढंच मी धरून चाललो होतो. उशीर हे कारण आहेच; पण तेवढंच नाही, हे मला सापांच्या जनुकांवरच्या कामानं दाखवलं.

२०२०मध्ये जनुकशास्त्रज्ञ सोमशेखर शेषगिरी आणि सहकाऱ्यांनी भारतीय नागाचा जनुकसंच प्रसिद्ध केला. विषाशी नातं असलेली १३९ जनुकं मिळाली. त्यांतली १९ फक्त विषग्रंथीत काम करताना दिसली. इतर प्राण्यांशी ताडून पाहिलं की विषाचा उगम कळतो. शरीरातल्या साध्या कामाच्या जनुकाची एखादी जादा प्रत निघते. मूळ जनुक आपलं काम करत राहतं, प्रत मोकळी होते आणि बदलत बदलत विषाच्या कामी लागते. घोणशीच्या कुळातल्या सापांची रक्तवाहिन्या फोडणारी विकरं अशीच घडली; त्यांच्या मूळ जनुकाचं, एडॅम-२८चं, भावंड माणसातही आहे.

मला हलवलं ते जीवशास्त्रज्ञ शॉन कॅरल यांच्या गटाच्या २०१६मधल्या रॅटलस्नेकवरच्या कामानं. पूर्वजाकडे विषाची जनुकं जास्त होती. पुढच्या जातींनी त्यांतली निरनिराळी गमावली. भाऊबंदांत वाटणी व्हावी तसं, कुणाकडे एक राहिलं, कुणाकडे दुसरं. एकाच जातीतल्या सापांतही हा फरक सापडतो. मग आपल्या घोणशी सगळीकडे सारख्याच, हे कशावरून? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटानं दाखवलंय की विष प्रदेशागणिक बदलतं आणि प्रचलित लस सगळीकडे सारखी लागू पडत नाही. लशीसाठीचं बरंचसं विष मात्र वर्षानुवर्षं तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येत आलंय.

आमच्या रुग्णाला डसलेली घोणस जतच्या माळावरची असते. तिच्या विषात काय आहे, हे न बघता नुसत्या कुप्या वाढवणं मला आता पटत नाही. जनुकं हाती आली की नेमकी घातक प्रथिनं प्रयोगशाळेत बनवता येतात, आणि तेवढ्यांनाच अडवणारी प्रतिद्रव्यं शोधता येतात. कुप्या हव्यातच, त्यांवरचा माझा हट्ट सुटलेला नाही. पण सांगली-कोल्हापूरच्या सापांची जनुकं वाचायला कुणी पैसा मागितला, तर मी त्याच्या बाजूनं बोलेन. सुरुवात घोणशीपासून करावी. पान लागून मूत्रपिंडं निकामी झालेले, डायलिसिसवर गेलेले जे रुग्ण मी पाहिले, ते बहुतेक तिचेच.