लोह, थेट नळीतून

मंडळी, डायलिसिसवरच्या माणसाला बीट-खजूर खाऊ घालून हिमोग्लोबिन वाढत नाही, हे एकदा लिहूनच टाकते. आईला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगून दमले! (तुमचं प्रेम कळतं हो.)

एक तर दोन्हींत पोटॅशियम भरपूर. ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. दुसरं म्हणजे, या आजारात हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं. ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि शरीरात साठलेलंही बाहेर काढू देत नाही. घरात धान्य आहे, पण कोठीला कुलूप! शिवाय दर खेपेला थोडं रक्त मशीनच्या नळ्यांत राहतं. एरिथ्रोपोएटिनचं महागडं इंजेक्शन मज्जेला रक्तपेशी बनवायला लावतं खरं, पण लोहाशिवाय ती बनवणार कशी?

म्हणून आयर्न सुक्रोज, डायलिसिस चालू असताना त्याच नळीतून. वेगळी सुई नाही, यावर आई खूश.

लोह जास्त झालं तर, ही धास्ती मला होतीच. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या 'पिव्होटल' चाचणीचे निकाल छापून आले. रुग्ण २,१४१. निम्म्यांना दरमहा ४०० मिलिग्रॅम, फेरिटिन ७००च्या वर गेलं की बंद; बाकीच्यांना कमी पडेल तेव्हाच. सढळ हाताने दिलेल्या गटात मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे मिळून प्रमाण काहीसं कमीच निघालं, एरिथ्रोपोएटिनही कमी लागलं. जीव भांड्यात पडला.

गेल्या आठवड्यात आईला ताप आला, तर डॉक्टरांनी डोस पुढे ढकलला. जंतूंनाही लोह हवंच असतं ना! आता ताप उतरलाय. परवा फेरिटिनचा रिपोर्ट, मग ठरेल.