चेन्नईची लेमन आणि आपली तूर

आळंद, जि. कलबुर्गी
डिसेंबर 2025

चि. सौरभ,

तुझ्या प्रबंधाचं टिपण दोनदा वाचलं. म्यानमारबरोबरच्या डाळीच्या कराराला तू शेजारधोरणाचं यश म्हटलं आहेस. मला ते पटलेलं नाही. फोनवर हे सगळं धड सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

दुधनीच्या किंवा कलबुर्गीच्या बाजारात सौदे सुरू व्हायच्या आत आडत्यांच्या मोबाइलवर चेन्नईचा भाव येऊन पडतो. बर्मी तुरीला बाजारात ‘लेमन’ म्हणतात, आणि ती चेन्नईला उतरते. लेमन शंभरानं खाली आली की इथला व्यापारीही हात आखडता घेतो. आपल्या काळ्या रानातल्या तुरीच्या डाळीला 2019 साली ‘गुलबर्गा तूर डाळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. पण शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बाजारात उभा असतो तेव्हा त्याच्या मालाची किंमत बंदरावरच्या मालाकडे बघून ठरते. म्हणून मी म्हणतो की परराष्ट्र धोरण आम्हाला पेपरातून कळत नाही, आडतीच्या पट्टीवर कळतं.

आता तारखा बघ. 2015 साली पाऊस बुडाला, डाळ किलोला दोनशेवर गेली. जुलै 2016 मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले आणि डाळखरेदीचा पाच वर्षांचा करार झाला. त्याच खरिपात इथे तूर अशी पिकली की ठेवायला जागा नव्हती. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5050 होता आणि बाजार त्याच्या कितीतरी खाली. मग ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. तोवर आमची तूर कवडीमोलानं गेली होती. आणि तिकडे मोझांबिकमध्ये नांपुला, झांबेझियातल्या शेतकऱ्यांनी आपल्याच भरवशावर तूर पेरली होती. ते लोक तूर फारशी खातच नाहीत, पिकवतात ती आपल्यासाठी. त्यांचे भाव कोसळले. आफ्रिकेशी मैत्री म्हणून आपण जे सुरू केलं, त्याचा पहिला फटका तिथल्या गरिबालाच बसला. तुझ्या टिपणात यावर एक ओळही नाही. ती हवी.

2021 साली पुन्हा करार झाले. मोझांबिककडून वर्षाला दोन लाख टन, मलावीकडून पन्नास हजार, म्यानमारकडून एक लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद, सगळं 2025-26 पर्यंत. शिवाय मे 2021 मध्ये आयात खुली झाली आणि तेव्हापासून ती सवलत वर्षावर्षानं वाढत आली आहे. सध्याची मुदत 31 मार्च 2026. म्हणजे करारातले आकडे नावाला राहिले, दार सगळ्यांनाच उघडं. 2024-25 मध्ये देशात बारा लाख टनांच्या आसपास तूर आली. त्या हंगामात हमीभाव 7550 होता, बाजार त्याच्याही खाली घसरला आणि कर्नाटक सरकारला क्विंटलमागे 450 रुपये स्वतःचे घालावे लागले.

आयात बंद करा असं मी म्हणत नाही. अक्काच्या स्वयंपाकघरात डाळ महाग व्हावी असं मला कशाला वाटेल? देशाला लागते तेवढी तूर आपण पिकवत नाही, हे खरं आहे. 2022 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात मर रोगानं उभी तूर वाळली. पुढच्या वर्षी भाव दहा हजारांच्या वर गेला तेव्हा कित्येकांच्या घरात विकायला तूरच नव्हती. अशा वर्षी बाहेरचा माल आलाच पाहिजे.

माझं म्हणणं महिन्यांचं आहे. मोझांबिकची तूर ऑगस्टच्या आसपास निघते आणि आपल्याकडे सप्टेंबर ते नोव्हेंबरात पोचते. तेव्हा आपली फुलोऱ्यात किंवा शेंगेत असते, गोदामं रिकामी असतात, दालमिलला माल हवा असतो. तो व्यापार दोघांच्याही सोयीचा आहे. तो करार पुढे चालवावा, फक्त पेरणीच्या आधी आकडा जाहीर करावा आणि मध्येच मोडू नये. बर्माची तूर मात्र जानेवारी-फेब्रुवारीत निघते, आमची रास होते त्याच सुमाराला. डिसेंबर ते मार्च या काळात आयातशुल्क लावलं तर मोझांबिकचं फारसं बिघडत नाही, शहरातल्या माणसाचं बिघडत नाही, आळंदच्या शेतकऱ्याचं मात्र वर्ष वाचतं.

तू म्हणशील, म्यानमार दुखावेल आणि चीनच्या आणखी जवळ जाईल. पण म्यानमार म्हणजे कोण? 1 फेब्रुवारी 2021 ला लष्करानं सत्ता बळकावली आणि त्याच जूनमध्ये आपण हा करार केला. तूर पिकते ती मध्य म्यानमारच्या कोरड्या पट्ट्यात, मागवे, मंडाले, सगाईंगमध्ये. सगाईंगच्या गावांवर तेच लष्कर विमानांतून बॉम्ब टाकत आलं आहे. निर्यातदारांच्या डॉलरचा काही भाग ते सरकारी दरानं बदलून घेतं, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या पदरात कमी आणि सेनापतींच्या तिजोरीत जास्त. आणि एवढं करून आपल्याला मिळालं काय? म्यानमारमधल्या क्यौकफ्यू बंदराचा प्रकल्प चीनकडेच आहे. म्यानमारमार्गे ईशान्येला जोडणारा आपला कालादान प्रकल्प अजून रखडलेलाच आहे. आपण डाळ घेतली म्हणून ते सेनापती आपले झाले नाहीत. ईशान्येची सीमा सांभाळायला त्यांच्याशी बोलावं लागतं, हे मी मानतो. ते बोलणं दिल्लीनं जरूर करावं, पण त्याची किंमत आमच्या रानातून का वसूल व्हावी, हे मला कुणी समजावून सांगत नाही.

एक गोष्ट सरकारच्या बाजूनं सांगायलाच हवी. ऑक्टोबरमध्ये 11,440 कोटींचं कडधान्य अभियान सुरू झालं. नाफेड आणि एनसीसीएफमार्फत चार वर्षं तूर, उडीद, मसूर पूर्ण खरेदी करू, असं आश्वासन दिलं आहे. यंदा हमीभाव 8000 आहे. चांगलं आहे, मी मनापासून म्हणतो. पण खरेदी केंद्रावर नाव नोंदवा, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणा, मग पैशाची वाट बघा. ज्याला सोसायटीचं कर्ज फेडायचं आहे, लेकीचं लग्न काढायचं आहे, तो आडतीवरच जातो. तिथे भाव चेन्नईचा. एक मंत्रालय आमची तूर घ्यायला पैसे काढतं आणि दुसरं बंदराचं दार उघडं ठेवतं, तर त्या पैशाचा उपयोग किती होणार?

पिवळ्या वाटाण्याचंच उदाहरण घे. डिसेंबर 2023 पासून तो शुल्काशिवाय येत होता, कॅनडातून, रशियातून. यंदा नोव्हेंबरपासून त्यावर तीस टक्के शुल्क लागलं. कॅनडाशी संबंध बिघडलेले असताना माल येत होता आणि सुधारायला लागल्यावर शुल्क लागलं. म्हणजे मैत्री आणि शुल्क वेगवेगळे ठेवता येतात, हे दिल्लीलाही ठाऊक आहे. मग तुरीच्या बाबतीत तेवढीच हिंमत का नको?

तुझे सर विचारतील की एवढ्याशा तालुक्याचा हिशेब परराष्ट्र धोरणात कुठे बसतो. त्यांना सांग की मार्चअखेर हे तिन्ही करार आणि खुल्या आयातीची सवलत, दोन्हींची मुदत संपते आहे. त्याआधी कुणीतरी बंदरावरचा माल आणि इथली रास एका तक्त्यात, महिन्यानुसार मांडायला हवी. ते काम तू कर. कलबुर्गी बाजार समितीच्या आवकेचे आकडे लागतील, ते मी मिळवून पाठवतो. चेन्नईचे भाव आमच्या आडत्याकडे जुन्या वह्यांत आहेत, तेही उतरवून घेतो.

अक्काला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा