'श्यामची आई' आठवते, 'ब्रह्मचारी' का नाही?

मंडळी, साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, हेही सांगतो. पण याच अत्र्यांनी पंधरा वर्षं आधी लिहिलेला 'ब्रह्मचारी' आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय?

१९३८चा सिनेमा. दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. औदुंबर नावाचा तरुण एक दणदणीत भाषण ऐकतो आणि ब्रह्मचर्याची शपथ घेऊन मोकळा होतो. मग येते किशोरी, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर. पुढे त्या शपथेचं काय होतं, ते सांगायला नकोच!

गंमत बघा, त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये 'ब्रिंगिंग अप बेबी' आला. तिथेही एक गंभीर शास्त्रज्ञ आणि त्याच्या मागे हात धुऊन लागलेली कॅथरिन हेपबर्न. तो सिनेमा तेव्हा फारसा चालला नाही, पण पुढे तिकडच्या लोकांनी शोधून काढून डोक्यावर घेतला. आपला 'ब्रह्मचारी' तेव्हा जोरात चालला आणि आता उरलाय फक्त मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखापुरता.

आमच्याकडे गणपतीत जुना मराठी सिनेमा दाखवायचं ठरलं, तेव्हा मी हाच सुचवला. लगेच एक काका म्हणाले, "तो स्विमसूटवाला? बायका-मुलं असतात हो!" झालं. 'श्यामची आई' लागला. तो थोरच आहे, वाद नाही. पण काकांनी 'ब्रह्मचारी' पाहिलेलाच नव्हता.

नंतर आम्ही सात-आठ जणांनी तो घरीच पाहिला. पुतणी म्हणाली, "काका, यात हसू तिला नाही, त्याला येतंय!" अगदी बरोबर. भाषण ऐकून डोकं गहाण टाकणाऱ्या माणसाची टिंगल आहे ती. असे औदुंबर आज कमी आहेत का?

रडवणारा सिनेमा आपण संस्कार म्हणून जपतो, हसवणारा टाइमपास म्हणून सोडून देतो. दादासाहेब फाळक्यांनी मात्र पौराणिक चित्रपटांबरोबर 'पिठाचे पंजे'सारखी विनोदी फिल्मही केली होती. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. १६ फेब्रुवारीला, त्यांच्या पुण्यतिथीला, तिथे हाराबरोबर 'ब्रह्मचारी'चा एक खेळ का होऊ नये? महापालिकेला निवेदन द्यायचं म्हणतोय. सोबत कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा.