भीमाच्या बिऱ्हाडाचा नकाशा

काव्यांतील वीर कोणत्या शस्त्रानें लढला हें सर्वांस ठाऊक असतें. पण तो निजत कोठें होता, त्याच्या घरास खोल्या किती होत्या, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. पाश्चात्य देशांत मात्र असें विचारणारे लोक पुष्कळ आहेत. शेरलॉक होम्स या कल्पित गुप्तहेराच्या बेकर स्ट्रीटवरील बिऱ्हाडाचा जिना सतरा पायऱ्यांचा होता, हें १८९१ सालच्या एका गोष्टींत आलें आहे. अशाच बारीकसारीक उल्लेखांवरून हौशी वाचकांनीं त्या घराचे किती तरी नकाशे काढले. इ. स. १९३९ मध्यें जन्मास आलेल्या बॅटमॅन या चित्रकथांतील वीराचा वाडा आणि त्याखालची गुहा यांचेही आराखडे निघाले आहेत. हें वाचून माझ्या मनांत आलें कीं, आपल्या खानदेशांतही एक वीर राहून गेला, असें लोक मानतात. आणि त्याचें गांव तर धुळें-जळगांव रस्त्यावरच आहे.

तो वीर म्हणजे भीम. एरंडोल हीच महाभारतांतील एकचक्रानगरी, अशी आपल्याकडील जुनी समजूत. तेथील पांडववाडा प्रसिद्ध आहे, आणि बकासुराचा वध जवळच पद्मालयाच्या रानांत झाला असें सांगतात. एकचक्रेचा मान सांगणारीं गांवें हिंदुस्थानांत आणखीही आहेत. पांडववाड्याच्या मालकीचा वाद तर इ. स. २०२३ मध्यें न्यायालयापर्यंत गेला. या दोन्ही गोष्टींत मी शिरत नाहीं. मला नकाशा हवा होता तो आदिपर्वांतील घराचा, आणि तें घर वाडा असूं शकत नाहीं. बकाकडे पाठविण्यास दुसरा माणूस विकत घेण्याइतकें धन आपल्यापाशीं नाहीं, असें तो यजमान ब्राह्मण स्वतःच सांगतो. अशा माणसाच्या घरांत पांडव सहाजण भाडेकऱ्यासारखे राहिले.

उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं गेलों तेव्हां चौकटींचा कागद बरोबर नेला. आजोबांनीं उभा जन्म गवंडीकाम केलें. त्यांना विचारल्यावांचून रेघ ओढण्यांत अर्थ नव्हता.

प्रथम निजण्याच्या जागेचें माप धरलें. एकचक्रेंत कोण कसें निजे तें ग्रंथांत नाहीं. पण पुढें पांचालनगरींत कुंभाराच्या घरीं पांचही भाऊ दक्षिणेस डोकीं करून ओळीनें निजले, त्यांच्या उशाशीं कुंती व पायथ्याशीं द्रौपदी, असें स्पष्ट आलें आहे. चौघां भावांस दोन दोन हात आणि भीमास तीन, मिळून रुंदी अकरा हात. माणसाची लांबी चार हात आणि आडव्या निजलेल्या मातेस दोन. द्रौपदी अजून घरांत आलेली नाहीं. म्हणजे अकरा हात बाय सहा हात. आमच्या धाब्याच्या घरांत एवढ्या लांबींत तीन खण बसतात. आजोबा म्हणाले, "तीन खण म्हणजे ओसरी झाली. पाहुण्याला ओसरीच देतात." याच घरांत पुढें एक वाटसरू ब्राह्मण मुक्कामास आला आणि त्यानें द्रौपदीच्या स्वयंवराची वार्ता सांगितली. तेव्हां ओसरीपुढें एक ओटा काढणें भागच पडलें.

खरी अडचण पुढेंच होती. एके दिवशीं चौघे भाऊ भिक्षेस गेले असतां घरीं असलेल्या कुंतीला व भीमाला यजमानाकडील आक्रोश ऐकूं आला. कुंती तशीच धांवत त्यांच्या अंतर्गृहांत शिरली, आणि नवरा, बायको, मुलगी यांपैकीं प्रत्येकजण 'मीच जातों', 'मीच जातें' म्हणत आहे, हें तिनें पाहिलें. आमच्याकडील मातीची भिंत चांगली दीड हात जाडीची असते; तिच्यापलीकडे कोणी बोललें तर इकडे नीट कळत नाहीं. मग हें घडलें कसें? आजोबांनीं क्षणभरही विचार केला नाहीं. "बिऱ्हाड देण्यासाठीं मागाहून घातलेली भिंत ती," ते म्हणाले, "ती कुडाचीच असणार. आणि मधल्या दाराला आंतून कडी नव्हती. कडी असती तर कुंती बाहेरच उभी राहिली असती." मीं दुहेरी रेघ खोडून एकेरी केली.

याच दिवसांत आमच्या घराचीही वाटणी चालली होती. बाबा आणि काका यांच्यांत माजघराच्या मधोमध भिंत घालायचें ठरलें होतें. आई व काकू एकमेकींशीं बोलत नव्हत्या. माझ्या धाकट्या चुलत बहिणीस दमा आहे. रात्रीं तिला उबळ आली कीं, काकूंच्या आधीं माझी आईच उठे, कारण तिची झोंप सावध. गवंडी आला आणि भिंत नऊ इंची घालूं कीं साडेचार, असें त्यानें विचारलें. काका नऊ म्हणाले. बाबा कांहींच बोलले नाहींत. ओट्यावर बसलेल्या आजोबांच्या मांडीवर माझा कागद होता, तो त्यांनीं घडी करून बाजूला ठेवला आणि गवंड्याला म्हणाले, "साडेचार. आणि वर वीतभर मोकळी ठेव." काकांनीं कांहीं बोलण्यास तोंड उघडलें, पण बोलले नाहींत. भिंत चार दिवसांत उभी राहिली. मी निघालों त्या आदल्या रात्रीं पलीकडून उबळ ऐकूं आली, आणि आई उठून मागच्या दारानें तिकडे गेली.

नकाशांत अजून एक जागा भरायची होती. भीमास बकाकडे पाठविण्याचें ठरलें हें कळल्यावर युधिष्ठिर मातेला एकान्तांत बसवून त्याविषयीं विचारतो. कुडाच्या घरांत असा एकान्त कोठला? म्हणून मीं मागें एक लहानसें परसूं दाखविलें आणि त्यांत एक झाड काढलें. झाडाला ग्रंथांत आधार नाहीं. पण वैशाखांत ज्यानें खानदेश पाहिला आहे तो तें खोडणार नाहीं.

राहतां राहिला बकाचा गाडा. त्या राक्षसाचा कर म्हणजे गाडाभर भात, दोन रेडे, आणि तें घेऊन जाणारा माणूस. गाडा अंगणांत यावयाचा तर दार निदान पांच हात रुंद हवें, आणि रेड्यांस गोठा हवा. त्यामुळें गरीब ब्राह्मणाचें घर वाड्यासारखें दिसूं लागलें. मीं कागद पुन्हा आजोबांपुढें धरला.

"गाडा बोळाच्या तोंडाशीं उभा राहतो," ते म्हणाले. "भाताच्या पाट्या वाहायला भीम घरांत आहेच कीं. आणि रेडे परत यायचेच नव्हते. त्यांना गोठा कशाला बांधतोस?"