दुसरं लुगडं

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

प्रिय चिऊ,



तुला हॉस्टेलवर सोडून निघालो तेव्हा आमचा दादा गेटपर्यंत चार वेळा मागं वळून बघत होता. वाकडेवाडीच्या स्टँडवर त्याला लातूरच्या गाडीत बसवलं. गाडी हलली तरी खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "तिला सांग, सातच्या आत रूमवर." मी मान हलवली. तर हा निरोप तुला पोचवला. आता माझं ऐक.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि मला पुढचं बोलायला सुचत नाही. कागद उशीखाली ठेवता येतो, पुन्हा काढून वाचता येतो.

मी ह्या शहरात शिकायला आले ते १९९३ साली. तुझ्यासारखी विद्यापीठात नाही, गावातल्या एका कॉलेजात. हॉस्टेलचं दार आठला बंद व्हायचं आणि एसटीडीचे दर उतरायचे रात्री उशिरा. म्हणजे घरी स्वस्तात बोलायची सोय मुलांना. आम्ही मुली महागाच्या वेळेत बोलायचो, बूथमधल्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून. त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळं पुणं मिरवणुकीत जागं होतं, आणि पहाटे, ३० सप्टेंबरला, किल्लारीची जमीन हलली. दोन दिवस मला घरचा फोन लागला नाही. आपल्या घराच्या भिंतींना भेगा पडल्या, पण माणसं धड आहेत, हे तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दोन दिवसांत हॉस्टेलच्या मुलींनी मला एकटं सोडलं नाही. बूथच्या रांगेत आळीपाळीनं माझा नंबर धरला. जिच्याशी माझा अबोला होता, ती रात्रभर माझ्या कॉटवर बसून राहिली.

हे तुला माहीत आहे, घरी शंभरदा सांगून झालंय. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. दादालाही नाही.

दिवाळीनंतर एक स्कूटरवाला माझ्या मागं लागला. वाचनालयातून सायकल काढली की तो कोपऱ्यावर असायचा. बोलायचा नाही. मी हळू केली की तोही हळू, मी जोरात मारली की तोही. एकदा अंधाऱ्या वळणावर त्यानं माझं हँडल धरलं. मी किंचाळले, समोरून टेम्पो आला, त्यानं सोडलं. खोलीत येऊन मी हात धुतले. हात त्यानं धरलेच नव्हते, तरी धुतले. मैत्रिणींना म्हणाले, सायकलची चेन पडली म्हणून उशीर झाला.

किल्लारीसाठी मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते आणि हे त्यांना सांगू शकले नाही. का? भूकंपात माझी चूक कुणी काढली नसती म्हणून.

आणखी एक कारण होतं. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं असंच काहीतरी घरी पत्रात लिहिलं होतं. चार दिवसांनी तिचे वडील एसटीनं आले. तिच्यावर रागावले नाहीत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. तिची ट्रंक उचलली आणि तिला घेऊन गेले. उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. त्या पत्रिकेवरून आम्ही सगळ्यांनी जो धडा घ्यायचा तो घेतला. मी वाचनालयात जाणं सोडलं. खोलीत अभ्यास व्हायचा नाही, मार्क घसरले. वडिलांनी, अण्णांनी, विचारलं तेव्हा म्हणाले, पुण्याचे पेपर अवघड असतात.

त्या स्कूटरवाल्याची मला जेवढी भीती वाटली, तेवढीच परत बोलावलं जाण्याची वाटली. म्हणून दादाचं "सातच्या आत" ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. त्याचं प्रेम मला कळतं. पण सातनंतर काही घडलं तर तू ते सांगशील का? आधी विचार करशील, मी साडेआठला बाहेर काय करत होते हे सांगावं लागेल. आणि गप्प बसशील. असल्या नियमानं पोरगी सुरक्षित होत नाही, फक्त तिचं तोंड बंद होतं.

दार बंद केलं की भागलं, असंही नाही. २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका मुलीवर तिच्या खोलीतच अत्याचार झाला, तिचा जीव गेला. संशय तिथंच काम करणाऱ्या माणसावर होता, आणि तो त्याच दिवशी रेल्वे रुळांवर मेलेला सापडला. ती पोर रात्री कुठं भटकत नव्हती. दाराच्या आत होती.

दिल्लीतल्या मुलींनी २०१५ साली 'पिंजरा तोड' म्हणत ह्याच कुलपांवर बोट ठेवलं. यूजीसीनंही उच्च शिक्षणसंस्थांमधल्या लैंगिक छळाबद्दल विनियम केले. मी ते ज्युनिअर कॉलेजच्या समितीवर असताना वाचले, आणि एका ठिकाणी थांबून परत वाचले. मुलींच्या सुरक्षिततेचं कारण पुढं करून त्यांच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, असं त्यात स्पष्ट आहे. पाळत आणि पहारा वाढवून मुलींच्या हिंडण्याफिरण्यावर गदा आणू नये, हेही आहे. मग करायचं काय? तर पुरेसे दिवे लावा. पहाऱ्यावर बायका नेमा. मोठ्या आवारात हॉस्टेल, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांच्यामध्ये भरवशाची वाहनव्यवस्था ठेवा. किती साधं! माझ्या त्या वळणावर एक दिवा असता तर, असं मनात आलंच.

तुमचं आवार चारशे एकरांच्या वर आहे. गव्हर्नरचा बंगला होता तो, वडाच्या झाडांसकट. दिवसा तिथली सावली फार सुंदर असते, रात्री तीच झाडं दिवे गिळतात. तुझं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल लांबणार, जयकर ग्रंथालयातून निघायला उशीर होणार. होऊ दे. पहिल्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर तो रस्ता एकदा दिवसा आणि एकदा रात्री चाला. कुठला दिवा बंद आहे, कुठं सुरक्षारक्षक बसतो, कुठं फोनला रेंज नाही, हे बघून ठेवा. बंद दिव्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. पाच मुलींच्या सह्या असल्या तर आणखी बरं.

तक्रारीचंही सांगून ठेवते, कारण वेळ येते तेव्हा हे शोधायचं बळ नसतं. विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असते. तिची अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असते, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले तीन प्रतिनिधीही बसतात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. उशिराचं कारण पटलं तर मुदत वाढते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. त्रास देणारा माणूस शिक्षक असो, गाइड असो, शिपाई असो की वर्गातला मुलगा, समिती तीच. राजस्थानात भंवरी देवीवर १९९२ साली अत्याचार झाला, त्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि २०१३ चा कायदा आला. ह्या कागदांमागं एका बाईनं गप्प न बसणं आहे, एवढं लक्षात ठेव. पोलिसांकडे जावंसं वाटलं तर ११२. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हणून कुणी तुला परत पाठवू शकत नाही. गुन्हा कुठंही नोंदवता येतो. मी बरोबर येईन. रात्री असेल तर रात्री.

आता रोजचं. खरं सांगायचं तर पुरुषांपेक्षा विद्यापीठ चौकातल्या गाड्यांची मला जास्त धास्ती आहे. तिथला जुना उड्डाणपूल २०२० साली पाडला, त्यानंतर मेट्रोची आणि नव्या पुलाची कामं सुरू झाली, रस्ता आज असतो तसा उद्या नसतो. सिग्नलशिवाय पाऊल टाकायचं नाही. कुणाच्या गाडीवर मागं बसलीस तरी हेल्मेट. पावसाळ्यात खिडकीत पाणी साचू देऊ नकोस, पुण्यात डेंग्यू घरोघर होतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्याचं मी खाली लिहिते.

तू "काय करायलीस?" म्हणालीस की काही जणी हसतील. माझ्यावर हसायच्या. "लातूरची" हे माझं नावच पडलं होतं आणि मी दोन महिन्यांत "काय करतेस?" म्हणायला शिकले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. थट्टा थट्टेत राहिली तर सोडून दे. पण प्रदेशावरून, भाषेवरून, जातीवरून, दिसण्यावरून किंवा घरच्या परिस्थितीवरून कुणी तुझा किंवा दुसऱ्या कुणाचा जीव नकोसा केला तर ते रॅगिंग आहे. २०१६ पासून यूजीसीच्या नियमात ते शब्दांनिशी आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा तर १९९९ चा. तुमच्याकडे 'कमवा आणि शिका'त काम करून शिकणारी मुलं आहेत. ती थकलेली असतात, आणि सगळ्यात कमी बोलतात. त्यांच्याकडे लक्ष ठेव.

पुण्यात 'पॅरासाइट' हा शब्द तुझ्या कानावर येईल. हॉस्टेल न मिळालेली मुलगी मैत्रिणीच्या खोलीत लपून राहते, तिला म्हणतात. मला तो शब्द सहन होत नाही. अशा मुलीचं नाव कुठल्याच वहीत नसतं, म्हणून तिला काही झालं तर ती तक्रारच करू शकत नाही. केली तर आधी तिलाच बाहेर काढतील. तुझ्या खोलीत अशी कुणी आली तर तिला तुझ्या घरच्यासारखी वागव, आणि हॉस्टेलसाठी तिचा अर्ज तू स्वतः लिहून दे.

आणि कधी उगीचच रडू येईल, झोप येणार नाही, आठवडाभर केस विंचरावेसे वाटणार नाहीत. ते लपवू नकोस. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात. नाहीतर मी आहे.

ज्या बाईच्या नावाचं विद्यापीठ आहे, तिची गोष्ट आपण चौथीपासून ऐकत आलो. भिडे वाड्यातल्या शाळेत जाताना लोक शेण मारायचे, म्हणून सावित्रीबाई पिशवीत दुसरं लुगडं न्यायच्या. त्यांचं धैर्य आपल्याला शिकवलं गेलं, आणि ते होतंच. पण मला हल्ली त्या लुगड्याचा विचार पडतो. ते पिशवीत आलं, म्हणजे रस्त्यात काय होतं हे घरात माहीत होतं. त्यांना ते सांगता आलं होतं. ऐकून जोतीरावांनी शाळा बंद कर म्हटलं नाही. लुगडं दिलं.

दादाला मी हेच सांगणार आहे. त्याला वेळ लागेल. तो वाईट नाही गं, घाबरलेला आहे. त्याच्या बहिणीनं त्याला कधी काही सांगितलंच नाही, तर त्याला शिकायला मिळणार कुठून?

पाकिटात किल्ली आहे, माझ्या घराची. रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून जेवायला ये, बरोबर कुणाला आणायचं असेल तर दुपारी कळव, म्हणजे भाकरी त्या हिशेबानं करीन. आणि एरवी कधीही, रात्री दोनला आलीस तरी, बेल वाजवत उभी राहू नकोस. उघडून आत ये. आतल्या खोलीत अंथरूण घातलेलं असतं. विचारायचं ते सकाळी चहा झाल्यावर विचारीन, आणि तुला सांगावंसं वाटलं तर.

तुझी,
आत्या