खडपातला डोह

आमचे गाव मालवण तालुक्यात समुद्राकाठी आहे. आमच्या वाडीपुढे खडप आहे. त्यात एक डोह आहे. भरतीला पाणी पाळीवरून आत येते आणि ओहोटीला आतच राहते. वाडीतली मोठी माणसे लहानपणी तिथेच पोहायला शिकली.

2021 साली मे महिन्यात तौक्ते वादळ झाले. तेव्हा डोहाची पाळ फुटली. आत वाळू, दगड आणि तुटकी जाळी भरली. मग तिथे कोणी जाईना. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून डोह साफ केला. आम्ही मुलांनी घमेल्यांनी वाळू काढली. बाबांनी आणि काकांनी चिरे पुन्हा रचले.

मला आजोबांनी पोहायला शिकवले. ते पूर्वी रापण ओढायला जात. त्यांनी माझ्या पाठीला सोडणासकट दोन सुके नारळ बांधले. मी म्हटले, "आजोबा, माका भीती वाटता." ते म्हणाले, "भिया नको गो. खारां पाणी माणसाक वर उचलता." बाईंनीही सांगितले की, समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असते, म्हणून तरंगणे सोपे जाते. आठ दिवसांनी आजोबांनी एक नारळ सोडला. तेव्हा मी वाकडी वाकडी पोहत होते. मग दुसराही सोडला.

काही जण म्हणतात, मुलींना पोहणे कशाला? पण सिंधुदुर्ग किल्ल्यात राणीची वेळा नावाची छोटी पुळण आहे. तिथे महाराणी ताराबाई समुद्रस्नान करीत, असे सांगतात.

आजोबांचा एक नियम आहे. पाळीजवळच्या काळ्या दगडाला पाणी लागले की सगळ्यांनी बाहेर यायचे. भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही.

एकदा काय झाले, रविवारी सकाळी मी आणि माझी मैत्रीण दोघीच गेलो. घरी विचारले नाही. दगडाला पाणी लागले तरी मैत्रीण म्हणाली, "आजून एक फेरी मारूया." मीही मारली. त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला उधाण असते हे मी विसरले. एक मोठी लाट पाळीवरून आली आणि आमच्या चपला घेऊन गेली. माझ्या नाकातोंडात पाणी गेले. पाय टेकेनात. मग आजोबांचे बोलणे आठवले. मी हातपाय मारायचे थांबवले आणि उताणी झाले. पाण्याने मला खरंच वर उचलले. मैत्रिणीने खडकाला धरून मला हात दिला. कालवांनी तिचा हात कापला.

घरी मी सांगितले, चपला हरवल्या. आई ओरडली. आजोबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते होडीचा पांढरा रंग घेऊन खडपात गेले आणि त्या काळ्या दगडावर जाड रेघ मारून आले.

आता शाळेत पालक येतील तेव्हा आई हे वाचेल. आई, चपला हरवल्या नव्हत्या. मी पुन्हा असे करणार नाही.

मित्रमैत्रिणींनो, डोहावर जरूर या. पण मोठ्या माणसांना घेऊन या, आणि आधी रेघ बघा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी